बांधावर लांडोरीचे घरटे सापडले तर...

खरिपाची खुरपणी आणि लांडोरीची वीण एकाच हंगामात येतात. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोलीच नव्हे, पुणे शहरालगतच्या शिवारातही बांधावरच्या गवतात तिची अंडी सापडू शकतात. वन्यजीव कायद्यातील 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तीतही मोर अनुसूची 1 मध्येच आहे. त्यामुळे अंडी उचलून घरच्या कोंबडीखाली ठेवणे हाही गुन्हा ठरतो. मोर पेरलेले दाणे टिपतात, ही तक्रार खरी. पण घरटे मोडून नुकसान भरून निघत नाही. लांडोर एकटीच सुमारे 28 दिवस अंडी उबवते. तेवढे दिवस घरट्याभोवतीचे गवत कापू नका, तणनाशक फवारू नका, कुत्री बांधून ठेवा. अडचण आल्यास वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.