मौन हाही गुन्हाच

संस्थेची अब्रू जाईल या भीतीनें बालकावरील लैंगिक अत्याचार झांकणें हा शहाणपणा नव्हे, गुन्हा होय. सन २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वयें असा अत्याचार कळतांच पोलिसांस वर्दी देणें प्रत्येकावर बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड वा दोन्ही, आणि हाताखालच्या माणसाचा अपराध दडविणाऱ्या संस्थाचालकास एक वर्षापर्यंत कैद व दंड. राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणांत डॉक्टराविरुद्धची रद्द झालेली फिर्याद सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं पुन्हा उभी केली. सद्भावनेनें दिलेल्या वर्दीस कायद्याचें संरक्षण आहे. घरापासून दूर राहणाऱ्या मुलीनें दुसरें कोणास सांगावें? इगतपुरी तालुक्यांतील आश्रमशाळांच्या चालकांस व डॉक्टरांस आमचें सांगणें इतकेंच: चौकशी पोलिसांचें काम, वर्दी तुमचें.