ब्रेडच्या पाकिटावर तारीख असते, फोनच्या बॉक्सवर का नाही?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सगळी वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं करा. आत्ता ज्या फोनवर हे वाचताय त्याच्या सेटिंगमध्ये जा, ‘अबाउट फोन’ उघडा, त्यात ‘अँड्रॉइड व्हर्जन’ दाबा आणि ‘सिक्युरिटी अपडेट’पुढे कोणती तारीख आहे ते बघा. (काही फोनमध्ये ही ओळ दुसरीकडे असते, सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत ‘सिक्युरिटी’ टाका, सापडेल.) ती तारीख या दोन-तीन महिन्यांतली असेल तर चांगलंच आहे. दीड-दोन वर्षांपूर्वीची असेल तर समजा की कंपनीने तुमच्या फोनवर पाणी सोडलंय. कॉल लागतात, रील दिसतात, व्हॉट्सॲप चालतं, म्हणून तुम्हाला कळलं नाही. आणि ज्याने कळवायला पाहिजे होतं त्याने कळवलं नाही.

करमाळ्यात एसटी स्टँडजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग जॅक ही रोजची कामं. पण हल्ली गिऱ्हाईक वेगळीच तक्रार घेऊन येतं. “दादा, पडला नाही, भिजला नाही, तरी हँग होतोय. जरा सॉफ्टवेअर मारून द्या.” आता जे सॉफ्टवेअर कंपनीने बनवायचंच बंद केलं ते मी कुठून आणून मारू?

मध्यंतरी एक मावशी आल्या. फोन दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला, अकरा हजाराचा. म्हणाल्या, “मागचा अपडेट घेतल्यापासून तापतोय बघ. पोरगा म्हणतो पुढच्या अपडेटला नीट होईल. कधी येणार ते सांग.” मी मॉडेल नंबर बघितला. ते मॉडेल बाजारात येऊन मावशींनी घ्यायच्या आधीच दोन वर्षं झालेली. कंपनीने सिक्युरिटी अपडेट कबूल केले होते तीन वर्षांचे. म्हणजे मावशींच्या वाट्याला आलं एक वर्ष. तेही सरलं होतं.

“पुढचा अपडेट नाही मावशी.”

“नाही म्हंजे? नवा कोरा सीलबंद घेतलाय की!”

काय सांगणार? सगळी मेख इथंच आहे. कंपनी जी वर्षं मोजते ती तुम्ही फोन विकत घेतल्यापासून मोजत नाही. मॉडेल पहिल्यांदा बाजारात आलं त्या दिवसापासून मोजते. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी काय खपतं? सेलमधलं, ऑफरमधलं, गेल्या-त्याच्या गेल्या वर्षीचं मॉडेल. सील न फोडलेला, हप्त्यावर घेतलेला फोन कित्येकदा निम्मं आयुष्य गोदामातच संपवून आपल्या हातात येतो. ब्रेडचं पाकीट घेताना आपण तारीख बघतो. गोळ्यांच्या स्ट्रिपवर तारीख असते. आणि ज्यात आपले पैसे, आधार, सातबारा, पोरांचे फोटो असं सगळं असतं, त्या वस्तूवर किंमत आहे, बनवल्याचा महिना आणि वर्ष आहे, आयात करणाऱ्याचं नाव आहे, पण मुदत कधी संपते ते नाही. बॉक्सवर काय छापायचं हे वैध मापन शास्त्राच्या पॅकबंद वस्तूंच्या २०११च्या नियमांनी ठरतं. त्यात एक ओळ वाढवायची आहे फक्त: ‘या फोनला अमुक महिना, अमुक वर्षापर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील.’ माझी मागणी एवढीच आहे. फुकट फोन मागत नाही, सबसिडी मागत नाही.

अपडेट नाही मिळाला तर बिघडतं काय, असं बरेच जण विचारतात. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये भोकं सापडत राहतात. गुगल त्यांची यादी दुरुस्तीसह जाहीर करतं. ज्या फोनला अपडेट येतो त्याची भोकं बुजतात. ज्याला येत नाही त्याची तशीच राहतात, आणि यादी तर जगजाहीर झालेली असते. कुठल्या घराची कडी मोडकी आहे हे चोराला कळतं, आणि कडी बसवणारा सुतार आपल्या गल्लीत यायचा बंद झालेला असतो. खरं बोलायचं तर माझ्याकडे फसवणुकीचे जे फोन येतात त्यांत बहुतेकांनी स्वतःच लग्नपत्रिका म्हणून किंवा आरटीओचं चलान म्हणून आलेली एपीके फाईल उघडलेली असते. त्याला नवा फोनही पुरता पुरा पडत नाही. पण म्हणून कडीच नको असं कोणी म्हणत नाही.

दुसरी बाजूही आहे. अपडेट येतो तोसुद्धा कधी कधी गोत्यात आणतो. इटलीच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०१८मध्ये ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोकला. जुने फोन पेलू शकणार नाहीत असे अपडेट लोकांच्या गळ्यात मारले, फोन मंदावले, आणि मागे फिरायची सोय ठेवली नाही, हा ठपका. ॲपलने डिसेंबर २०१७मध्ये कबूलच केलं होतं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो. पुढे २०२०मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरो दंड केला, आणि अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. आपल्याकडे? जानेवारी २०२५मध्ये आयओएस १८नंतरच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस काढली. स्क्रीनवर हिरवी रेघ आलेले फोन तर तुमच्यापैकी कित्येकांनी बघितलेत. अपडेट घेतला आणि सकाळी रेघ उमटली, अशा तक्रारींचा पाऊस पडला तेव्हा कंपन्यांनी काही मॉडेलना फुकट स्क्रीन दिली. ज्यांनी ओरड केली त्यांना मिळाली. आपल्यापैकी किती जणांना ती योजना होती हेच माहीत नव्हतं!

आता कुणी म्हणेल, एवढं आहे तर घ्या नवा, दर दोन वर्षांनी. शौक म्हणून फोन घेणाऱ्याला हे सांगा. पण फोन आता शौक राहिलाय का? १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो टाका, तर पीक सातबारावर चढणार. त्या ॲपची जुनी आवृत्ती बंद होते, नवी घ्या म्हणतात, नवी जुन्या फोनवर रडते. लाडक्या बहिणीची केवायसी, पीएम किसानची केवायसी, पोरांच्या शाळेचा ग्रुप, सगळं या एका यंत्रावर आणून ठेवलंय. सरकारनेच फोन सक्तीचा केला, मग तो किती दिवस टिकणार हे विचारायचं कुणी?

आणि सरकारला हा प्रश्न नवा नाही बरं का. अंगणवाडीताईंची गोष्ट आठवा. २०१९मध्ये राज्यातल्या सेविकांना सरकारी मोबाईल दिले. २ जीबी रॅमचे. दोन वर्षांत त्यावर पोषण ट्रॅकर नावाचं केंद्राचं नवं ॲप टाकायला सांगितलं. फोन हँग व्हायला लागले, तापायला लागले, दुरुस्तीचा खर्च ताईंच्या गळ्यात, आणि ॲपमधली भाषा इंग्रजी. ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी ते फोन गोळा करून प्रकल्प कार्यालयात नेऊन परत केले. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या बायांनी सरकारला तोंडावर सांगितलं की तुमचं यंत्र तुमच्याच ॲपला पुरत नाही. देशात या विषयावर याच्याइतकं चोख आंदोलन झालेलं मला तरी माहीत नाही. पेपरात मात्र ती बातमी ‘अंगणवाडी सेविकांच्या मागण्या’ या सदरात गेली. तंत्रज्ञानाच्या पानावर त्या दिवशीही कुठल्यातरी फोनच्या कॅमेऱ्याचं कौतुकच असणार.

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं आहे. चिप बनवणारी कंपनी पुढची मदत देत नाही, चाचण्यांचा खर्च होतो, स्वस्त फोनमध्ये परवडत नाही. यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. क्वालकॉम किंवा मीडियाटेकने आपल्या चिपचा आधार काढून घेतला की फोन कंपनीला काम अवघड होतं. पण चिप घेताना किती वर्षांचा आधार हवा हे तेव्हाच ठरवता येतं. गुगलने ऑक्टोबर २०२३मध्ये पिक्सेल ८ला सात वर्षं दिली, जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगने एस २४ला सात वर्षं दिली. ते महागडे फोन, ठीक आहे. पण त्याच वर्षी सॅमसंगने ए १६ ५जी हा वीस हजारांच्या आतला फोन आणला आणि त्याला सहा वर्षं कबूल केली. म्हणजे परवडतं. ज्याला द्यायचं नाही त्याला परवडत नाही.

युरोपात २० जून २०२५पासून फोनच्या बॉक्ससोबत लेबल सक्तीचं झालंय. बॅटरी किती तास चालते, किती फेऱ्या टिकते, फोन पडला तर किती सोसतो, दुरुस्तीला किती सोपा, याची अक्षरांत श्रेणी. मॉडेल विकायचं बंद केल्यावरही सात वर्षं सुटे भाग द्यायचे. सॉफ्टवेअर अपडेटसाठी पाच वर्षांची मुदतही तिथे विकणं थांबल्याच्या दिवसापासून धरली आहे, मॉडेल आल्याच्या दिवसापासून नाही. मावशींचा प्रश्न त्यांनी कागदावर तरी सोडवला. पळवाटा शोधणारे तिथेही आहेत, पण निदान भांडायला कागद आहे. इंग्लंडने तर २९ एप्रिल २०२४पासून एवढंच सांगितलं की सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते विकतानाच जाहीर करा. मी जे मागतोय ते जवळपास हेच. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल निघालं. चांगलं झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

आणि “सरकारच्या हातात काय आहे?” असं कुणी म्हणू नका. नोव्हेंबर २०२५च्या २८ तारखेला दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना आदेश काढला होता की प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच टाकून द्या, आणि जे फोन तयार होऊन पडलेत त्यांत सॉफ्टवेअर अपडेटमधून घाला. मुदत ९० दिवसांची. गदारोळ झाला, ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. ते बरं की वाईट यावर दुसऱ्या पोस्टमध्ये भांडू. पण अपडेटमधून सगळ्यांच्या फोनमध्ये ॲप घालायचा आदेश ज्यांना काढता येतो, त्यांना बॉक्सवर एक ओळ छापायचा आदेश काढता येत नाही?

पुढचे दिवस तर आणखी कठीण आहेत. आता सगळीकडे एआयचा गजर चालू आहे. सप्टेंबर २०२३मध्ये ज्याने ऐंशी हजाराचा आयफोन १५ घेतला त्याला वर्षभरातच कळलं की ॲपलचं एआय त्याच्या फोनवर चालणार नाही, त्याला १५ प्रो लागतो. ऐंशी हजारवाल्याची ही गत, तर आपल्या दहा-बारा हजारवाल्याची काय? शिवाय एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी चिप लागतात, त्यामुळे २०२५च्या अखेरीपासून मेमरी महागलीय आणि फोनच्या किमती चढतायत. फोन महाग होणार आणि लवकर म्हातारा होणार, हे दोन्ही एकाच वेळी आपल्याच खिशातून. चष्म्यातला फोन येणार, घडीचा फोन येणार, असे व्हिडिओ मीही बघतो. पण माझ्या काउंटरवर फुगलेल्या बॅटरीच्या फोनला रबरबँड लावून आणलेला असतो. त्या माणसाला आधी हातातला फोन चार वर्षं सुरक्षित चालवून द्या.

आता काही जण म्हणतील, याचा धंदाच दुरुस्तीचा, म्हणून हा बोलतोय. उलट आहे राव. अपडेट नीट मिळाले, सुटे भाग कंपनीने दिले, तर “सॉफ्टवेअर मारून द्या”वाली माझी निम्मी गिऱ्हाइकं कमी होतील. चालेल मला.

येत्या सोमवारी सकाळी ११ वाजता तहसील कार्यालयात निवेदन देतोय, केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाच्या नावे. मागण्या तीन. बॉक्सवर सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख. ती मोजायची ते मॉडेल विकणं थांबल्यापासून. आणि सरकारी ॲप किमान सहा वर्षं जुन्या फोनवर चाललंच पाहिजे, नाहीतर तलाठी कार्यालयात तेच काम कागदावर करून मिळालं पाहिजे. ज्यांच्या फोनचे अपडेट खरेदीपासून दोन वर्षांच्या आत बंद झालेत त्यांनी बॉक्सचा आणि बिलाचा झेरॉक्स आणा, निवेदनाला जोडू. बिल नसेल तर ऑनलाइन ऑर्डरचा स्क्रीनशॉट चालेल. ज्यांना यायला जमत नाही त्यांनी घरूनच १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावून तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या आणि खाली कमेंटमध्ये टाका. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

अंगणवाडीच्या ताई, तुम्हाला वेगळं आमंत्रण आहे. आमच्यापैकी कुणालाही सुचायच्या आधी तुम्ही हे केलंय, त्यामुळे निवेदनावर पहिली सही तुमची.