जंतू मेला तरी…

१८९२ साली बर्लिनमध्ये रिचर्ड फायफर यांनी पटकीचे जंतू उष्णतेने मारून गिनीपिगना टोचले. जंतू मेलेले, तरी प्राणी दगावले! विष जंतूच्या अंगातच होते. आज त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. हा जंतूच्या बाह्य आवरणाचाच भाग. तो रक्तात मिसळला की पांढऱ्या पेशी खवळतात, हुडहुडी भरते, ताप चढतो. मात्रा वाढली तर रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. पेशी हे विष कसे ओळखतात, ते ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ मध्ये दाखवले. विष मेलेल्या जंतूतही उरते, म्हणूनच प्रतिजैविकाने जंतू मेले तरी रुग्ण लगेच सावरेलच असे नाही, आणि नातेवाइकांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवे. या अंकातील मुख्य लेख त्यासाठीच आहे. तापासोबत धाप लागली, बोलण्यात असंबद्धता आली, लघवी कमी झाली, तर सकाळपर्यंत थांबू नका.