वारली म्हणजे बॉर्डर नव्हे!

टेकफेस्टचं ब्रोशर असो, गॅदरिंगचा बॅनर असो की मेसची भिंत, आपली वारली ठरलेली. दोन त्रिकोण, चार काड्या, मधे तारपावाला आणि भोवती नाचणाऱ्यांचा गोल. "सोप्पं आहे रे, एक माणूस काढ आणि कॉपी-पेस्ट मार!" जणू ऑटोकॅडची अ‍ॅरे कमांडच. आणि वर म्हणायचं, वारली चित्रं सगळी एकसारखीच दिसतात.

मित्रहो, एकसारखी आपण काढतो! ज्यांच्यामुळे ही कला झोपडीच्या भिंतीवरून जगभर गेली, त्या जिव्या सोमा म्हसेंची चित्रं बघा आणि मग बोला. हे गृहस्थ कुणी लांबचे नव्हेत. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. बोईसरहून वाणगाव सोडलं की डहाणू रोड, म्हणजे दुसरंच स्टेशन.

मुळात हे काम बायकांचं. लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक काढतात, त्यात पालघट देवी असते. जिव्यांचा जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली तेव्हा त्यांनी बोलणंच टाकलं, जे सांगायचं ते मातीत चित्र काढून सांगायचे, अशी त्यांची हकीकत सांगतात. पुढे हा पुरुष लग्नकार्य नसतानाही रोज चित्रं काढू लागला, हीच तिथली क्रांती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूच्या पाड्यांत आले आणि त्यांनी हा हात ओळखला. (बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद देणारे कुलकर्णी ते हेच.) तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ चं. म्हणजे वीज आणि चित्रं, दोन्ही आपल्याच पट्ट्यातून जवळपास एकाच काळात बाहेर गेली. आपल्याला वीज तेवढी माहीत!

आता शैलीचं. लग्नचौक म्हणजे कडक भूमिती, चारी बाजूंनी बांधलेली. त्याच हाताने काढलेलं मासेमारीचं जाळं बघा. अख्ख्या कागदावर बारीक पांढऱ्या रेषांचं जाळं पसरलेलं, कुठे ताणलेलं, कुठे ढिलं, आणि माणसं चिमुकली. मिनी-ड्राफ्टर नाही, पट्टी नाही, हातात बांबूची काडी! ग्राफिक्सच्या शीटवर चार समांतर रेषा मारताना आपली काय अवस्था होते ते आठवा. आणखी कुठे मुंग्यांची रांग, नुसत्या ठिपक्यांची, तर कुठे पानन् पान काढलेलं झाड. आणि माणूस? दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे. वरचा किंचित कलला की तोच माणूस चालू लागतो, ओझं उचलतो, वाकून लावणी करतो. स्टॅटिक्सच्या पुस्तकात नसलेला तोल आहे हा.

काही जण म्हणतात, कागद आला, कॅनव्हास आला, मग ती खरी वारली कुठे राहिली? मला हे अजिबात पटत नाही. जिव्या कापडाला शेण लावून त्यावरही रंगवत. जमीन बदलली, हात तोच. आपण जीन्स घालायची आणि आदिवासी चित्रकाराने मात्र झोपडीतच राहायचं, असं का?

बाकी मानसन्मान झटपट सांगतो. १९७५ ला मुंबईत केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन, १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ ला पॅरिसचं गाजलेलं मोठं प्रदर्शन, २००३ ला जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताबरोबर बरोबरीने, २००९ ला प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ ला पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते गेले. सदाशिव आणि बाळू ही त्यांची मुलंही चित्रकार.

आता मुद्द्याचं. दर गॅदरिंगला डीजेचं बिल निमूट दिलं जातं, पण भिंत रंगवायला "आपलीच पोरं करतील, फुकटात". यंदा एक भिंत डहाणू, तलासरी किंवा विक्रमगडच्या वारली चित्रकाराला द्या. स्क्वेअर फुटाचा दर त्यालाच ठरवू दे. विषयही त्याचाच, आमचा लोगो मधे घुसवायचा नाही. आणि खाली कोपऱ्यात स्पॉन्सरचं नाही, चित्रकाराचं नाव. कल्चरल सेक्रेटरी, ऐकताय ना?