विश्लेषण : टेबलावरच्या फिशटँकला घरगुती फिल्टर पुरतो का?

उरणच्या एखाद्या घरात दहा लिटरची काचपेटी आणि चार गप्पी मासे येतात. पाणी नितळ दिसते, तरी पंधरवड्यात मासे एकेक करून मरतात. दोष दुकानदाराला दिला जातो. बहुतेकदा चुकलेली असते ती फिल्टरची समज.

फिल्टर नेमके काय करतो?

फिल्टर म्हणजे गाळणी, हे अर्धसत्य आहे. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही, पण कल्ल्यांना इजा करतो. काही जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात. फिल्टर हे या जिवाणूंचे घर असते.

घरी कसा बनवायचा?

छोट्या प्लास्टिकच्या बाटलीला खालच्या बाजूने छिद्रे पाडावीत. तळाशी धुतलेले खडे आणि वर जाड, कोरा स्पंज भरावा. मधोमध तोंडाबाहेर येईल अशी नळी बसवून तिच्या तळापर्यंत एअर पंपाची बारीक नळी सोडावी. वर जाणारे बुडबुडे पाणी ओढतात आणि नवे पाणी स्पंजातून आत येते. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटे पंपात शिरते.

चुकते कुठे?

स्पंज नळाखाली धुतला, की क्लोरीनने जिवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी दिवसभर उघडे ठेवलेले असावे. पिरवाडीच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले शोभेसाठी टाकण्याचा मोहही टाळावा. त्यातील चुन्यामुळे पाण्याचा सामू वाढू शकतो आणि वाढत्या सामूबरोबर अमोनिया अधिक विषारी होतो.

मग पुरतो का?

पुरतो, पण मासे मोजके हवेत आणि धीर हवा. जिवाणूंची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि महागडा फिल्टरही ही मुदत टाळू शकत नाही. म्हणून टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणण्याची सवय मोडायला हवी. मुलांना आधी महिनाभर रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकू द्यावे. मासे त्यानंतर, तेही एकदोनच आणावेत.