स्वस्त विम्याचा महाग हिशेब

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ या फेरीनुसार गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटारगाडी आहे. देशाची सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास असताना गोव्याचे हे प्रमाण सर्व राज्यांत सर्वाधिक ठरले. साहजिकच वाहन विमा हा येथील जवळपास प्रत्येक दुसऱ्या घराचा वार्षिक खर्च आहे. पूर्वी हा विषय ओळखीच्या एजंटावर सोपवला जाई. आता तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकला, की काही क्षणांत डझनभर कंपन्यांचे दर समोर येतात आणि त्यांत हजारो रुपयांची तफावत दिसते. गाडी एक, मालक एक आणि दिवसही एकच असताना ही तफावत येते कुठून?

वाहन विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांना झालेल्या इजा-नुकसानीचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तो सक्तीचा आहे. त्याचा दर कंपनी नव्हे, केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यावरील गाड्यांसाठी ७,८९७ रुपये असा दर आहे. या भागात कोणतीही कंपनी दुसरीपेक्षा स्वस्त असू शकत नाही. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून नियंत्रणमुक्त आहेत. दिसणारी सगळी तफावत याच भागातील असते.

या मोकळीकीत कंपन्यांचे अनुभव आणि धोरणे भिन्न असणे गैर नाही. एखाद्या कंपनीला विशिष्ट मॉडेलच्या दुरुस्तीचा खर्च जड गेला असेल, दुसरीला त्याच वर्गातील ग्राहक वाढवायचे असतील. एप्रिल २०२३ पासून विमा नियामकाने कमिशनवरील स्वतंत्र मर्यादा काढून एकूण व्यवस्थापन खर्चाची मर्यादा तेवढी ठेवली. त्यामुळे कोणत्या विक्रेत्याला किती द्यायचे, हे कंपन्या बऱ्याच अंशी स्वतः ठरवतात. एकाच कंपनीचा दर तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, तुलनेच्या संकेतस्थळावर आणि एजंटाकडे निरनिराळा दिसतो, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

तथापि प्रत्येक तफावत स्पर्धेतून आलेली नसते. कित्येकदा स्वस्त दिसणारा विमा हा मुळात कमी विमा असतो. विम्यातील सर्वांत महत्त्वाचा आकडा आयडीव्ही, म्हणजे गाडीचे घोषित मूल्य. गाडी चोरीस गेली किंवा दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर भरपाई याच आकड्याच्या आधारे मिळते. समजा, १२०० सीसीच्या गाडीसाठी एक कंपनी साडेचार लाख रुपये आयडीव्ही धरून स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ६,००० रुपये सांगते, तर दुसरी ५ लाख ४० हजार धरून ९,००० रुपये. थर्ड पार्टीचे ३,४१६ रुपये आणि १८ टक्के जीएसटी मिळवल्यावर पहिला विमा सुमारे ११,१११ रुपयांना, तर दुसरा सुमारे १४,६५१ रुपयांना पडतो. पडद्यावर ३,५४० रुपयांची बचत ठळक दिसते. गाडी गेली तर ९० हजार रुपये कमी हाती येतील, हे मात्र तितक्या ठळकपणे दिसत नाही.

तीच गोष्ट ऐच्छिक वजावटीची. क्लेमच्या वेळी पहिले काही हजार रुपये स्वतः सोसण्याची तयारी दाखवली, की हप्ता उतरतो. हा सौदा जाणीवपूर्वक केला तर वावगा नाही, परंतु तो आधीच निवडलेला असेल आणि ग्राहकाच्या ध्यानात आला नसेल, तर ती बचत नव्हे. नो क्लेम बोनसचेही असेच. क्लेम न घेतलेल्या वर्षांनुसार तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जातो. गेल्या वर्षी क्लेम घेतलेला असूनही घाईत ‘क्लेम घेतला नाही’ असे नोंदवले, तर हप्ता तात्काळ घटतो आणि पुढे अपघातानंतर नुकसानभरपाई नाकारली जाण्याचा धोका उभा राहतो.

गोव्याच्या दृष्टीने तीन बाबी विशेष तपासण्याजोग्या आहेत. पहिली पावसाची. साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना इंजिनात पाणी शिरले आणि तशा स्थितीत ती पुन्हा सुरू केल्याने इंजिन निकामी झाले, तर साध्या सर्वसमावेशक विम्यात ही हानी बहुधा धरली जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. दर उतरवताना पहिली कात्री अशा जोडकलमांना लागते. झिरो डेप नसेल, तर प्लास्टिक आणि रबराच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा वजा होतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी बाब गॅरेजची. देशभरात हजारो कॅशलेस गॅरेजे असल्याची जाहिरात काणकोण किंवा सत्तरीतील वाहनधारकाच्या उपयोगाची नाही. आपल्या तालुक्यात वा लगतच्या शहरात त्या कंपनीचे कोणते गॅरेज आहे, एवढेच त्याच्या कामाचे.

तिसरी बाब अधिक गंभीर आहे. पर्यटन हंगामात खासगी नोंदणीच्या गाड्या भाड्याने देण्याचे प्रकार राज्याला नवे नाहीत. खासगी मोटारीच्या विम्यात भाड्याने वापर वगळलेला असतो. अशा वेळी अपघात झाल्यास स्वतःच्या गाडीची भरपाई तर जातेच. शिवाय जखमींना द्यावी लागलेली रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालयांनी अशा स्वरूपाच्या शर्तभंगांच्या अनेक प्रकरणांत विमा कंपन्यांना दिली आहे. घर-जमीन पणाला लावणारा हा धोका हप्त्यातील दोन-तीन हजारांच्या बचतीत दिसत नाही.

तुलना करणारी संकेतस्थळे ग्राहकाची सोय करतात, यात शंका नाही. परंतु ती त्रयस्थ पंच नाहीत; विक्रीतून उत्पन्न मिळवणारी दुकाने आहेत. ज्या कंपन्यांशी करार आहे, त्यांचेच दर तेथे दिसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये विमा नियामकाने या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या ‘पॉलिसीबझार’ला विविध नियमभंगांसाठी ५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात काही विमा योजना ठोस आधार न देता अग्रस्थानी दाखवल्याचाही ठपका होता. तो प्रश्न वाहन विम्याचा नव्हता, तरी यादीतील क्रम म्हणजे गुणवत्तेचा क्रम नव्हे, हा बोध सर्वत्र लागू पडतो.

नूतनीकरणाचा प्रश्नही यातच येतो. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२२ पासून वाहन आणि घराच्या विम्यात जुन्या ग्राहकाला त्याच मार्गाने येणाऱ्या नव्या ग्राहकापेक्षा अधिक दर सांगण्यास मनाई आहे. निष्ठेची शिक्षा होऊ नये, हा त्यामागील विचार. आपल्याकडे वाहन विम्यात अशी सक्ती नाही. म्हणून दरवर्षी तुलना करणे योग्यच. फक्त ती समान पायावर व्हावी. सर्व कंपन्यांसाठी एकच आयडीव्ही, तीच वजावट, तीच जोडकलमे आणि खरा नो क्लेम बोनस भरून मगच दर पाहावेत. त्यानंतर त्याच अटींवर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील आणि एजंटाकडील दर विचारावा. विमा संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर साठलेला बोनस जातो, हेही विसरू नये.

मात्र सारा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकणे न्याय्य नाही. विमा नियामकाने २०२४ मध्ये ‘बिमा सुगम’ या सामायिक बाजारमंचाचे नियम अधिसूचित केले. या मंचावर तरी पहिला पडदा समान आयडीव्ही आणि समान वजावटीचाच असावा, आणि हप्त्याइतक्याच मोठ्या अक्षरांत ‘गाडी पूर्ण गेल्यास मिळणारी रक्कम’ छापलेली असावी. खासगी संकेतस्थळांनाही हाच दंडक लागू करणे नियामकाला अवघड नाही. दरांची स्पर्धा हवीच. पण ती संरक्षण कापून होत असेल, तर तिचा हिशेब अपघाताच्या दिवशी वाहनधारकालाच चुकवावा लागतो.