चौथा प्रयत्न आणि न घडलेली गोष्ट

अमेरिकन फुटबॉलवर या पानांवर लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. खेळाचा आणि समीक्षेचा संबंध ओढूनताणून जोडण्याची आमची इच्छा नाही. परंतु या खेळात एक क्षण वारंवार येतो, ज्याविषयी पन्नासहून अधिक वर्षे वाद चालू आहे. आणि त्या वादात आकडेमोडीइतकाच कथनाचा प्रश्न गुंतलेला आहे, असे आमचे मत झाले आहे.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी नियम थोडक्यात सांगतो. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नास ‘डाउन’ म्हणतात. दहा यार्ड पुरे झाले की पुन्हा नवे चार. चौथ्या प्रयत्नातही ते साधले नाही, तर चेंडू जिथे असेल तिथूनच प्रतिपक्षाच्या हाती जातो. म्हणून तीन प्रयत्न अपुरे पडले की प्रशिक्षक बहुधा चौथा करतच नाहीत. ते चेंडू लांब लाथाडून प्रतिपक्षाला मागे ढकलतात (हा ‘पंट’), किंवा खांब टप्प्यात असतील तर त्यांमधून चेंडू मारून फील्ड गोलचे तीन गुण पदरात पाडून घेतात. टचडाउनचे मात्र सहा गुण, आणि त्यानंतरच्या लाथेचा बहुधा आणखी एक, म्हणजे सात.

एक-दोन यार्डच उरले असतील, तर मैदानाच्या बऱ्याच मोठ्या भागात लाथ न मारता चौथा प्रयत्न करावा, हेच शहाणपणाचे आहे असे आम्हांस वाटते. हा शोध आमचा नव्हे. सिनसिनाटी बेंगल्स संघाचे क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर यांनी रॉबर्ट माकोल यांच्यासह 1971 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मैदानावरील प्रत्येक जागेचे सरासरी मोल किती, हे त्यांनी गुणांत मांडले. त्यातील एक निष्कर्ष मोठा मौजेचा होता: स्वतःच्या गोलरेषेला अगदी खेटून चेंडू हाती येणे हा लाभ नसून सरासरीने तोटाच असतो. पुढे बर्कली येथील अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी 1998 ते 2000 या तीन हंगामांतील सामन्यांचे पहिले चतुर्थांश तपासले. त्यांचा निबंध 2006 साली छापून आला. चौथा प्रयत्न करणेच सरासरीने हितावह होते असे 1,068 प्रसंग त्यांना आढळले. त्यांपैकी 959 वेळा संघांनी चेंडू लाथाडला होता.

रोमर यांचे एक उदाहरण आम्हांस फार बोलके वाटते. सामना नुकताच सुरू झाला आहे, चौथा प्रयत्न आहे, आणि गोलरेषा दोन यार्डांवर आहे. लाथ मारली तर तीन गुण जवळजवळ हमखास. प्रयत्न केला तर सातांतून तीनदा यश, म्हणजे सात गुण. सरासरी पुन्हा तीनच. हिशेब बरोबरीचा दिसतो. पण तीन गुण मिळाल्यावर प्रतिपक्ष सुरुवातीच्या लाथेनंतर मैदानात ऐसपैस जागेवरून खेळू लागतो. प्रयत्न फसला तर त्याला स्वतःच्या गोलरेषेपासून दोन यार्डांवर, पाठ भिंतीला लावून उभे राहावे लागते. कार्टर यांचा निष्कर्ष येथे लागू पडतो. फसलेल्या प्रयत्नाच्याही पदरात काहीतरी उरते. मात्र ते गुणफलकावर दिसत नाही. फलकावर ‘तीन’ तरी दिसते किंवा ‘शून्य’ तरी.

तीच गोष्ट मैदानाच्या मध्यावरची. पन्नासाव्या यार्डावरून मारलेला पंट गोलरेषेपलीकडे गेला, तर चेंडू विसाव्या यार्डावर आणून ठेवतात. म्हणजे एका यार्डासाठी झगडण्याची संधी सोडून मिळवले काय, तर तीस यार्ड.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. सरासरी म्हणजे हा सामना नव्हे. प्रशिक्षकाला आपले दमलेले खेळाडू दिसतात, वारा कळतो, समोरच्या फळीतला पांगळा दुवा ठाऊक असतो. हे सारे मान्य. परंतु ही जाण खरोखर निर्णय घडवीत असती, तर तिने कधी लाथेकडे, कधी प्रयत्नाकडे कौल दिला असता. चुका दोन्ही बाजूंना सांडल्या असत्या. त्या जवळजवळ सगळ्या एकाच बाजूला सांडतात, तेव्हा कारण मैदानाबाहेर शोधावे लागते.

आमच्या मते ते कारण कथनात आहे. फसलेल्या प्रयत्नाची गोष्ट सांगता येते: तिला क्षण आहे, दोषी आहे, पश्चात्ताप आहे. पंटची गोष्ट होत नाही. चेंडू उडाला, खेळ पुढे गेला. अर्ध्या तासाने सामना हरला तरी त्या लाथेकडे कोणी बोट दाखवीत नाही. रोमर यांना तर चौथे प्रयत्न इतके विरळ सापडले, की त्यांना तिसऱ्या प्रयत्नांचे आकडे वापरून हिशेब करावा लागला. जे केलेच जात नाही, त्याची नोंद कोठून मिळणार?

15 नोव्हेंबर 2009 ची इंडियानापोलिस येथील रात्र घ्या. बिल बेलिचिक यांचा न्यू इंग्लंड संघ 34–28 असा पुढे होता, दोन मिनिटे आठ सेकंद उरली होती, चेंडू स्वतःच्याच अठ्ठाविसाव्या यार्डावर होता आणि दोन यार्ड हवे होते. सारे जग पंटची वाट पाहत असता बेलिचिक यांनी प्रयत्न केला. केव्हिन फॉक यांनी चेंडू झेलला, पण पंचांनी तो थोडा अपुरा ठरवला. पेटन मॅनिंग यांनी उरलेले अंतर कापून तेरा सेकंद शिल्लक असताना टचडाउन साधला, 35–34. दुसऱ्या दिवशीच्या लेखांतून उद्धटपणा, अहंकार, अविचार हे शब्द मुबलक वाचावयास मिळाले.

आता अंत बाजूला ठेवून हिशेब करू. दोन यार्ड साधण्याची शक्यता शंभरात साठ धरू. साधले की सामना जवळजवळ संपला. फसले, तर इतक्या जवळून मॅनिंग शंभरात साठ वेळा टचडाउन करतील असे मानू. म्हणजे पराभवाची शक्यता चाळिसांचे साठ टक्के, चोवीस. आता प्रश्न एवढाच उरतो: पंट मारून मॅनिंग यांना सत्तर यार्ड दूर नेले असते, तर दोन मिनिटांत ते चारांतून एकदा तरी पोहोचले असते की नाही? ज्यांनी त्याच चतुर्थांशात आपल्या संघाला आधीच दोन टचडाउन मिळवून दिले होते, त्यांच्याविषयी ‘नाही’ म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. कोणी आमचे साठ बदलून पंचावन्न करावेत, वाद होईल. पण तो वाद अहंकाराचा राहणार नाही.

साहित्याच्या वर्गात आपण हेच करतो, हे आम्ही संकोचाने नोंदवितो. नायकाचे पतन आधीच ठाऊक असते. मग विद्यार्थी मागे जाऊन त्याचा दोष हुडकतात, आणि आपण त्याला गुण देतो. सदाशिवरावभाऊंची बखर पराभवानंतर लिहिली गेली, हे विसरून ती वाचणाऱ्याला 1761 च्या प्रत्येक पावलात पानिपतच दिसू लागते.

उलट बाजूही पाहावी. 4 फेब्रुवारी 2018 च्या सुपर बोलमध्ये मध्यंतरापूर्वी फिलाडेल्फियाने गोलरेषेपासून एका यार्डावर हमखास तीन गुण नाकारले. क्वार्टरबॅक निक फोल्स यांनी स्वतःच पास झेलून टचडाउन केला, आणि संघ 41–33 असा जिंकला. त्याच वर्षी संघाच्या मैदानाबाहेर फोल्स आणि प्रशिक्षक डग पीडरसन यांचा पुतळा बसला. तो झेलाचा नाही, दोघे तो डाव ठरवीत असतानाचा आहे. निर्णयाचा पुतळा, उभारला मात्र झेलाने. 28 जानेवारी 2024 रोजी डेट्रॉइटचे डॅन कॅम्पबेल 24–10 असे पुढे असताना चौथ्या प्रयत्नाला गेले, तेव्हा जॉश रेनल्ड्स यांच्या हातून चेंडू निसटला. पुढे आणखी एक प्रयत्न फसला, आणि सामना 34–31 असा गेला. आपल्याला त्या निर्णयांचा पश्चात्ताप नाही, असे कॅम्पबेल म्हणाले. पुतळा कोणी बसवला नाही.

अलीकडे चौथे प्रयत्न पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले आहेत. प्रशिक्षक अधिक शूर झाले म्हणून, असे आम्हांस वाटत नाही. 2013 साली न्यूयॉर्क टाइम्सने प्रत्येक चौथ्या डाउनवर तत्क्षणी मत देणारे एक संगणकीय यंत्रच चालू केले. तेव्हापासून भित्र्या पंटचीही गोष्ट सांगता येऊ लागली. आता लाथ मारणाऱ्यालाही पत्रकार परिषदेत जाब द्यावा लागतो. भीती गेली नाही, तिची दोन्ही बाजूंना वाटणी झाली.

एका प्रसंगाविषयी मात्र आमचे मन अजून पुरते ठरत नाही. डिसेंबर 1995 मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध 17–17 अशी बरोबरी असताना डॅलसचे प्रशिक्षक बॅरी स्विट्झर यांनी स्वतःच्या एकोणतिसाव्या यार्डावर, वारा तोंडावर घेऊन, चौथा प्रयत्न केला. एमिट स्मिथ यांना अडवले गेले. पण दोन मिनिटांच्या इशाऱ्यामुळे खेळ त्याआधीच थांबला होता, म्हणून तो प्रयत्न रद्द झाला. स्विट्झर यांना फेरविचाराची आयती संधी मिळाली, आणि त्यांनी पुन्हा प्रयत्नच केला. स्मिथ, तीच डावी बाजू, तोच डाव. पुन्हा अडवले, 20–17 असा पराभव. डाव बदलला नाही याबद्दल त्यांना जो बोल लावला जातो तो आम्हांस मान्य आहे. प्रयत्न करण्याचा निर्णय मात्र पहिल्या वेळी चूक नसेल, तर मधल्या दोन-तीन मिनिटांत तो चूक ठरण्याजोगे काय बदलले, हे आम्हांस अद्याप सापडलेले नाही. डॅलसने त्याच हंगामाचा सुपर बोल पुढच्या महिन्यात जिंकला.